अतिदक्षता विभागातील रात्र : औषधाविना झोपेचा विचार

घरातील वडीलधारी व्यक्ती अतिदक्षता विभागात दाखल झाली की कुटुंबाचे सारे लक्ष काही मोजक्या आकड्यांवर खिळते. रक्तदाब किती, ऑक्सिजन किती, ताप उतरला का, लघवी किती झाली, हे प्रश्न डॉक्टरांना दिवसातून अनेकदा विचारले जातात. रुग्णाला रात्री झोप लागली का, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. अतिदक्षता विभागातून बरे होऊन बाहेर पडलेल्या व्यक्ती तेथील दिवसांविषयी बोलू लागल्या, की वेदना, तहान आणि भीती यांच्या जोडीला झोप न मिळाल्याचा त्रास त्या आवर्जून सांगतात.

हा त्रास केवळ गैरसोयीचा नाही. अतिदक्षता विभागातील अनेक रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, एकाएकी भ्रम होऊ लागतो. दिवस की रात्र हे कळत नाही, मुलगा ओळखू येत नाही, हातातील सलाईनची नळी उपसून काढली जाते. जुन्या पिढीत याला ‘वात झाला’ असे म्हणत. वैद्यकशास्त्र त्याला डिलिरियम म्हणते. ही अवस्था जितकी लांबते तितका रुग्णालयातील मुक्काम वाढतो, आणि पुढे स्मरणशक्ती व विचारशक्ती मंदावण्याचा धोकाही वाढतो. झोपमोडीने डिलिरियम होतो की डिलिरियममुळे झोप मोडते, याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप झालेला नाही. तथापि दोहोंचा संबंध निकटचा आहे. रुग्णाची झोप राखण्यासाठी केलेल्या साध्या उपायांनी डिलिरियमचे प्रमाण घटल्याचे अनुभव आता अनेक देशांतून नोंदले गेले आहेत.

झोप आणि गुंगी

रुग्ण डोळे मिटून शांत पडला आहे, म्हणजे तो झोपला आहे, असा सर्वसाधारण समज असतो. निरोगी माणसाची झोप सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे सरकते. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे टप्पे येतात, आणि रात्रभरात अशी चार-पाच आवर्तने पूर्ण झाली म्हणजे शरीराला खरी विश्रांती मिळते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील २२ रुग्णांच्या मेंदूतील लहरींची अहोरात्र नोंद घेण्यात आली. त्यांच्या चोवीस तासांतील झोपेपैकी सुमारे निम्मी झोप दिवसा, तुकड्यातुकड्यांनी झालेली आढळली. अशा तुटक झोपेत गाढ झोपेचा आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा फार थोडा उरतो. तासांची बेरीज पुरेशी दिसली, तरी झोप पदरात पडलेली नसते.

मग झोपेची गोळी किंवा इंजेक्शन का देऊ नये, असा प्रश्न कुटुंबीयांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गुंगीची बरीच औषधे रुग्णाला निपचित करतात. परंतु गुंगी ही झोप नव्हे. बेन्झोडायझेपाइन या गटातील नेहमीची औषधे गाढ झोपेचा भाग कमी करतात आणि वृद्धांमध्ये डिलिरियमचा धोका वाढवतात. श्वास मंदावणे, तोल जाऊन पडणे हे धोके निराळेच. अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वेदना, गुंगी, डिलिरियम आणि हालचाल यांच्या बरोबरीने झोपेला स्वतंत्र स्थान दिले. आवाज आणि उजेड कमी करावा आणि झोपेसाठी अनेक उपायांचा एकत्रित कार्यक्रम राबवावा, असे त्यांत सुचवले आहे; केवळ झोप यावी म्हणून प्रोपोफोल हे भुलीचे औषध देऊ नये, असेही सुचवले आहे.

याचा अर्थ औषधे टाळावीत असा मुळीच नाही. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला वेदनाशामक दिल्याखेरीज झोप येणार नाही, आणि काही प्रसंगी रुग्णाला गुंगीत ठेवणे अपरिहार्य असते. तो निर्णय डॉक्टरांचाच. मात्र झोप मोडणाऱ्या ज्या गोष्टी माणसाच्या हातातील आहेत, त्या दूर न करता औषधाकडे वळणे हा उलटा क्रम ठरतो.

झोप कोण मोडते?

पहिला आरोप आवाजावर येतो, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. रुग्णाच्या खोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ सालची शिफारस आहे. इंग्लंडमधील पाच अतिदक्षता विभागांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आवाज एकदाही ४५ डेसिबलच्या खाली उतरला नाही. पहाटे चारच्या सुमारास, म्हणजे सर्वाधिक शांततेच्या वेळीही, तो सरासरी ५१ डेसिबल होता. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेसारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट मोठा वाटतो. हा फरक लक्षात घेतला म्हणजे ३० आणि ५१ यांमधील अंतर किती मोठे आहे हे कळते. याखेरीज ८५ डेसिबलहून मोठे आवाज रात्रीतही तासाला १६ वेळांपर्यंत नोंदले गेले.

हे आवाज येतात कोठून? मॉनिटरचे आणि सलाईनच्या पंपांचे अलार्म, व्हेंटिलेटरची शिट्टी, दूरध्वनीची घंटा, धाडकन आपटणारे दार, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, ट्रॉलीचे कुरकुरणारे चाक, पाळी बदलताना होणारी बोलणी आणि दाराबाहेर नातेवाइकांची चाललेली चर्चा. यांतील अलार्म सुरक्षिततेसाठी असतात. तथापि त्यांपैकी बहुसंख्य अलार्म तातडीची कृती करावी लागेल असे नसतात. छातीवरील ईसीजीची चिकटपट्टी सैल झाली तरी यंत्र ओरडते. ती दररोज बदलणे आणि अलार्मची मर्यादा त्या त्या रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे ठरवणे, एवढ्यानेही आवाज बराच कमी होतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आवाज या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. त्या काळी मॉनिटर नव्हते आणि पंपही नव्हते. रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नये, आणि त्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलू नये, हे त्यांचे सांगणे आजही जसेच्या तसे लागू पडते. आपल्याविषयी काहीतरी बोलले जात आहे एवढे रुग्णाला समजते, काय बोलले जात आहे ते समजत नाही, आणि त्याचे मन कान टवकारून जागे राहते.

मात्र आवाज हा एकमेव दोषी नाही. वर उल्लेखिलेल्या २००१ सालच्या अभ्यासात रुग्ण जागे होण्याच्या एकूण प्रसंगांपैकी सुमारे १७ टक्के प्रसंगांशीच आवाजाचा संबंध आढळला. उरलेल्या प्रसंगांमागे आजार, वेदना, श्वासाचा त्रास, भीती आणि वारंवार होणारा स्पर्श अशी अनेक कारणे असू शकतात. स्पर्शाचा हिशेब अमेरिकेतील २००४ च्या एका अभ्यासाने मांडला. चार अतिदक्षता विभागांतील ५० रुग्णांच्या १४७ रात्री तपासल्या, तेव्हा एका रात्रीत रुग्णाशी सरासरी ४२ हून अधिक वेळा काही ना काही कामासाठी संपर्क झालेला दिसला. कोणी रक्त घेतले, कोणी कूस बदलली, कोणी तापमान पाहिले. सलग दोन-तीन तास कोणीही न उठवण्याचे प्रसंग त्या १४७ रात्रींत मिळून अवघे नऊ होते. नोंदलेल्या दैनंदिन अंघोळींपैकी ६२ टक्के रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत उरकल्या गेल्या होत्या. जीव वाचवण्यासाठी मध्यरात्री रक्त तपासावे लागते हे समजण्यासारखे आहे. अंग पुसण्याचे काम मात्र सकाळपर्यंत थांबू शकते.

तिसरा दोषी उजेड. शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. डोक्यावर रात्रभर पांढरी ट्यूबलाइट जळत असेल आणि दिवसा खिडकीचा पडदा ओढलेला असेल, तर त्या घड्याळाला रात्र कोणती आणि दिवस कोणता हे समजणार तरी कसे?

रेडिंगमधील रुग्णालयाचा अनुभव

हे दोष एकेकटे दूर करण्याऐवजी एकत्र हाताळले तर काय घडते, याचे चांगले उदाहरण इंग्लंडमधील रेडिंग शहरातील रॉयल बर्कशायर रुग्णालयाचे आहे. तेथील अतिदक्षता विभागाने कोणतेही नवे यंत्र विकत न घेता रात्रीची शिस्त बदलली. दारे बंद ठेवणे, दूरध्वनी व अलार्म यांचा आवाज उतरवणे, दिवे मंद करणे, रुग्णांना कानात घालायचे मऊ बोळे म्हणजे इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी देऊ करणे, रात्रीची कामे एकत्र करून एकाच वेळी उरकणे, दिवसा रुग्णाला वार, वेळ व ठिकाण पुन्हा पुन्हा सांगणे आणि शक्य तितक्या लवकर त्याची हालचाल सुरू करणे, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप होते.

या प्रयत्नाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रमापूर्वीचे १६७ आणि नंतरचे १७१ रुग्ण यांची तुलना करण्यात आली. विभागातील सरासरी आवाज ६८.८ वरून ६१.८ डेसिबलवर आला. देखभालीच्या कामांमुळे रात्री जाग येण्याचे प्रसंग सरासरी ११ वरून ९ झाले. रुग्णांच्या झोपेचा निर्देशांक ६०.८ वरून ७५.९ वर गेला. पूर्वी ३३ टक्के रुग्णांना डिलिरियम होत असे. ते प्रमाण १४ टक्क्यांवर उतरले, आणि ज्यांना तो झाला त्यांचाही भ्रमाचा काळ ३.४ दिवसांवरून १.२ दिवसांवर आला. आकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. आवाज जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपर्यंत उतरलाच नाही, आणि जाग येणेही केवळ दोनदा कमी झाले. अनेक लहान सुधारणा एकत्र आल्या, आणि त्यांची बेरीज रुग्णाच्या पदरात पडली.

अन्य ठिकाणचे अनुभव याच दिशेचे आहेत, पण सर्वस्वी एकसारखे नाहीत. बेल्जियममधील अँटवर्प येथे १३६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रात्री इअरप्लग वापरलेल्या गटात भ्रमाचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला आणि पहिल्या रात्रीची झोप अधिक चांगली लागल्याचे त्यांनी सांगितले. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०१३ साली मांडलेल्या अनुभवात डिलिरियम कमी झाला, पण रुग्णांनी स्वतः झोपेला दिलेले गुण फारसे बदलले नाहीत. शिवाय रेडिंग व बाल्टिमोर येथील तुलना आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांच्यातील होती, त्यामुळे सारे श्रेय एकाच उपायाला देता येत नाही. तरीही खर्च अत्यल्प, अपाय नगण्य आणि लाभाची शक्यता मोठी, असा हा व्यवहार आहे.

कुटुंबीयांचा वाटा

व्यापारी कुटुंबांत आप्ताच्या आजारपणात भेटीला जाणे हे कर्तव्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. अडचण वेळेची असते. दिवसभर पेढीवर गुंतलेली मंडळी दुकान वाढवून रात्री नऊ-दहाच्या सुमारास रुग्णालयात पोहोचतात. अतिदक्षता विभागात प्रवेश नसला तरी दाराबाहेर पंधरा-वीस जण जमतात, मोबाइल वाजत राहतात, दार उघडले की बोलण्याचा गलका आत शिरतो. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचीही झोप त्यात मोडते. सायंकाळी आठनंतर बाहेर एकच व्यक्ती थांबेल, बाकीच्यांनी घरी फोन करून विचारपूस करावी, असे कुटुंबातील एखाद्या वडीलधाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवून दिले, तर कोणाचे मन न दुखवता रुग्णाची मोठी सेवा घडते.

दिवसाची भेट मात्र मोलाची असते. ओळखीचा चेहरा, घरातील चार साध्या गोष्टी, आज कोणता वार आहे हे सांगणे, चष्मा आणि श्रवणयंत्र घालून देणे, खिडकीचा पडदा उघडण्याची विनंती करणे, यांमुळे रुग्ण दिवसा जागा राहतो, आणि दिवसा जागा राहिलेल्यालाच रात्री झोप येते. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून पाहण्यात आली. त्याने रुग्णांमधील डिलिरियम लक्षणीय प्रमाणात घटला नाही. परंतु कुटुंबीयांची चिंता आणि खिन्नता निश्चितपणे कमी झाली.

रुग्णाच्या सवयी परिचारिकेला सांगणे हे कुटुंबाखेरीज अन्य कोणी करू शकत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवून नऊला झोपणारी आणि पहाटे चारला उठून सामायिकाला बसणारी आजी, रात्री उशिरापर्यंत हिशेब पाहून बाराला झोपणारे काका, या दोघांची शरीराची घड्याळे निराळी असतात. रुग्ण घरी किती वाजता झोपतो, किती उशा घेतो, कोणत्या कुशीवर झोपतो, अंधार चालतो की मंद दिवा लागतो, हे कागदावर लिहून द्यावे. घोरण्याच्या विकारासाठी घरी रात्री श्वासाचे यंत्र लावण्याची सवय असेल, तर ते अवश्य सांगावे. अनेक वर्षे झोपेची गोळी चालू असेल, तर तीही लपवू नये. ती अकस्मात बंद झाल्यास त्रास होऊ शकतो आणि त्याचा निर्णय डॉक्टरांना करता आला पाहिजे.

इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी ही साधने औषधाच्या दुकानात सहज मिळतात. परंतु ती डॉक्टरांच्या संमतीनेच द्यावीत. कान फुटला असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा रुग्णाला ती स्वतःच्या हाताने काढता येत नसतील, तर ती योग्य नव्हेत. भ्रमात असलेला रुग्ण कान-डोळे झाकल्याने अधिक घाबरू शकतो. नको म्हणणाऱ्यावर ती लादू नयेत.

अनेक घरांत रुग्णाच्या उशाशी मोबाइल ठेवून नवकार मंत्र किंवा एखादे स्तोत्र रात्रभर चालू ठेवण्याची पद्धत आहे. त्यामागची भावना आदरणीय आहे. तथापि रात्रभर चालणारा आवाज, तो कितीही मंगल असला तरी, झोपेच्या आड येऊ शकतो, आणि २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्री झोपेसाठी संगीत लावण्याची शिफारस केलेली नाही. त्याऐवजी झोपेपूर्वी दहा-पंधरा मिनिटे, परिचारिकेच्या अनुमतीने, कानाजवळ मंद स्वरात मंत्र म्हणावा आणि मग पूर्ण शांतता राखावी. घरच्या माणसाचा आवाज आणि हातात घेतलेला हात यांनी रुग्णाचे मन स्थिरावते. अमेरिकेत १९९८ साली ६९ वयस्क हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात झोपेपूर्वी सहा मिनिटे पाठ चोळल्यावर रुग्ण सरासरी तासाभराहून अधिक झोपले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठाम ठरला नाही. पण जेथे जखम अथवा नळ्या आड येत नाहीत आणि परिचारिकेची हरकत नाही, तेथे हा उपाय करून पाहण्यात हानी नाही.

विश्वस्तांपुढील काम

समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांशी देणगीदार आणि विश्वस्त या नात्याने जोडलेली आहेत. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिसचे यंत्र यांसाठी उदारपणे दान दिले जाते. शांततेसाठी दान मागायला कोणी येत नाही, कारण तिच्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. वास्तविक दाराला न आपटणारी बिजागरी, ट्रॉलीला रबरी चाके, खाटेखाली मंद दिवा, जाड पडदे, प्रत्येक खाटेवरून दिसेल असे मोठे घड्याळ व दिनदर्शिका, आवाज मोजण्याचे एक उपकरण आणि इअरप्लगचा साठा यांचा एकत्रित खर्च एका व्हेंटिलेटरच्या तुलनेत क्षुल्लक असतो.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत काही प्रश्न विचारता येतील. अतिदक्षता विभागात रात्री आवाज किती असतो, याची कधी मोजणी झाली आहे का? नेहमीचे रक्तनमुने कितीला घेतले जातात? अंग पुसण्याचे काम पहाटे चारला होते की सकाळी सातनंतर? मध्यरात्री ते पहाट या वेळेत, ज्या रुग्णांची प्रकृती स्थिर आहे त्यांना सलग दोन तास तरी न उठवण्याचा नियम करता येईल का? हे नियम डॉक्टर आणि परिचारिका यांच्याशी बसूनच ठरले पाहिजेत. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतील, तर कामे एकत्र उरकण्याची अपेक्षा तिच्यावर लादणे अन्यायाचे होईल. अशा वेळी एक जादा परिचारिका नेमणे हेच दान अधिक उपयोगी ठरते.

रुग्णालयाबाहेरच्या आवाजाविषयी कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शांतता क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४० डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणूक, वरात किंवा सभा यांचे आयोजन करणाऱ्यांनी मार्गात रुग्णालय आहे काय हे आधी पाहावे आणि तेथे वाद्ये थांबवावीत. यासाठी पोलिसांच्या नोटिशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

अतिदक्षता विभागातून घरी आल्यावरही अनेकांची झोप काही आठवडे, कधी काही महिने, विस्कळीत राहते. भयावह स्वप्ने पडतात, दिवसा डुलक्या लागतात. घाबरून जाऊ नये. सकाळी उन्हात बसवणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर ठेवणे, सायंकाळनंतर चहा टाळणे, ठरल्या वेळी दिवे मंद करणे आणि पाहुण्यांची रीघ सायंकाळी सहापर्यंतच ठेवणे, यांनी घडी हळूहळू बसते. महिन्याभरात सुधारणा दिसली नाही, किंवा भ्रम पुन्हा जाणवू लागला, तर डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना झोपेविषयी सविस्तर सांगावे.